आवाज बसतो तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

महाडकडून येऊन पायऱ्यांनी रायगड चढायचा असेल तर आधी पाचाड लागते. बहुतेकांचे लक्ष तोपर्यंत वर, गडाकडे लागलेले असते. पण या गावात घटकाभर थांबले पाहिजे. इथे जिजाबाईंच्या वाड्याचा तट आहे, जोती आहेत, विहिरी आहेत. त्यांपैकी एकीला लोक 'तक्क्याची विहीर' म्हणतात, कारण तिच्या काठावर टेकून बसण्यासाठी घडवलेले दगडी आसन आहे. जवळच मासाहेबांची समाधी आहे. 6 जून 1674 रोजी गडावर राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, 17 जूनला, त्यांनी पाचाडला देह ठेवला.

राजधानी वर असताना राजमातेचा वाडा खाली का? गडावरची थंड हवा आणि वारा त्यांना मानवत नव्हता, म्हणून महाराजांनी हा वाडा बांधून दिला, असे परंपरेने सांगितले जाते. या गोष्टीत आपण मायलेकरांचा जिव्हाळा पाहतो आणि तो आहेच. पण तिच्यात व्यवहाराचे शहाणपणही आहे. उंचीवरची हवा एखाद्याला मानवली नाही, म्हणून त्याची योग्यता कमी होत नाही. त्याच्यासाठी खाली, गडाच्या नजरेच्या टप्प्यात, राहण्याची सोय करायची असते. रयतेच्या मनातले मासाहेबांचे स्थान पाचाडला राहिल्याने तसूभरही कमी झाले नाही.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण वेगळे आहे. कलावंताच्या आयुष्यातही उंचीवरची हवा न मानवण्याचे दिवस येतात. गाणाऱ्याला गावेसे वाटत नाही, लिहिणाऱ्याची लेखणी उचलत नाही, चित्रकार कोऱ्या कॅनव्हाससमोर बसून उठून जातो. आपल्याकडे याला पुष्कळ शब्द आहेत. आवाज बसला, हात उतरला, मन उडाले, रस आटला. हल्ली या सगळ्याला 'बर्नआउट' असे एकच नाव देतात. नाव नवे असले तरी दुखणे नवे नाही. आपल्या संगीताच्या इतिहासात त्याचे मोठे दाखले आहेत आणि त्यांतून बाहेर पडण्याचे मार्गही आहेत. पण त्याआधी या भागातल्याच दोन जुन्या रीती पाहू.

महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावरच्या जमिनीला वरकस म्हणतात. तिथे नाचणी, वरी, तीळ अशी पिके पाळीपाळीने दोन-तीन वर्षे घ्यायची आणि मग ती जमीन काही वर्षे पड टाकायची, अशी पूर्वापार पद्धत. पड टाकलेली जमीन वाया गेली, असे कोणता शेतकरी म्हणत नसे. तिच्यावर गवत वाढते, पाला कुजतो, कस भरून येतो. दरवर्षी तिच्याकडून पीक मागितले तर एक दिवस ती नाचणीही देणार नाही, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने माहीत होते.

दुसरी रीत कलेची. कोकणातला बाल्या नाच, म्हणजेच जाखडी, गौरी-गणपतीत रंगते. लावणी आवरली की तालमी सुरू होतात, पायात चाळ बांधले जातात, रात्री जागवल्या जातात आणि गणपती गेले की ढोलकी खुंटीला लागते. पुन्हा गाजावाजा व्हायचा तो शिमग्यात. घाटावरचे तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा करून पावसाळ्यात घरी परततात. दशावताराचेही तसेच. भात झोडून झाले, कार्तिक लागला, की खेळे निघतात. थोडक्यात, कलेला हंगाम होता आणि हंगामाला शेवट होता. त्या विसाव्यामागे पाऊस होता, शेतीची कामे होती, मुद्दाम आखलेली सुट्टी नव्हती. तरी त्याचा परिणाम असा, की कलावंताला वर्षातले काही महिने केवळ माणूस म्हणून जगता येई. कला दरबारात, नाट्यगृहात, ध्वनिमुद्रिकेत, चित्रपटात आणि पुढे दूरचित्रवाणीवर गेली तेव्हा पैसा आला, कीर्ती आली. पण हा हंगाम गेला. बारा महिने सुगी सुरू झाली.

याची किंमत काय असू शकते, हे उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या चरित्रात दिसते. खाँसाहेबांचा जन्म 1855 सालचा, राजस्थानातल्या उणियाऱ्याचा. घराणे ध्रुपदियांचे. वडील लवकर गेल्यावर काका जहांगीर खाँ यांनी त्यांना तालीम दिली. तरुणपणी त्यांचा गळा अतिशय गोड आणि फिरता होता. संस्थानोसंस्थानी गात ते माळव्यातल्या आमलेटा नावाच्या लहानशा संस्थानात पोहोचले. तिथला अधिपती गाण्याचा विलक्षण शौकीन होता. त्याची गाणे ऐकण्याची हौस भागेना आणि आश्रयदात्याला 'आता पुरे' म्हणण्याची कलावंताची प्राज्ञा नव्हती. दिवसचे दिवस गावे लागले आणि एके दिवशी आवाज गेला. साधा घसा बसणे नव्हते ते. बराच काळ खाँसाहेबांना नीट गाता येईना. ज्याचे सारे आयुष्य गळ्यावर उभे आहे, त्याचा गळाच जावा, यापरता आघात कोणता?

पुढे आवाज आला, पण पूर्वीचा आला नाही. जुना गोडवा, जुनी सहज फिरत गेली होती. इथे खाँसाहेबांपुढे दोन वाटा होत्या. जुन्याच गाण्याची नव्या, खरखरीत आवाजात नक्कल करत राहायची, किंवा या आवाजाला काय शोभेल ते शोधायचे. त्यांनी दुसरी वाट धरली. केवळ गोडव्यावर विसंबणे सोडून त्यांनी लयीशी एकजीव झालेली आलापी, दमदार आकार, वळणावळणाने जाणारी पेचदार तान आणि बसंती केदार, संपूर्ण मालकंस यांसारखे अनवट राग, असे बुद्धीला आव्हान देणारे गाणे घडवले. आपण आज ज्याला जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणतो, ती या गाण्यातून उभी राहिली. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने ते कोल्हापुरात स्थिरावले आणि 1922 मध्ये महाराज गेल्यानंतर मुंबईत आले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, स्वतःचे पुत्र मंजी खाँ आणि भुर्जी खाँ असा शिष्यपरिवार तयार करून 1946 साली त्यांचे निधन झाले. आवाज गेला नसता तर ही गायकी अशीच घडली असती का, हा प्रश्न संगीताचे अभ्यासक आजही विचारतात.

मात्र यातून भलता अर्थ काढू नये. आवाज जाणे हे भाग्य नव्हते. दुःखाशिवाय मोठी कला होत नाही, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट बसली आहे आणि तिच्यापायी अनेक कलावंतांनी स्वतःला उगाच जाळून घेतले आहे. खाँसाहेबांना मोठेपण मिळाले ते आवाज गेल्यामुळे नव्हे. तो गेल्यानंतर त्यांनी जे केले त्यामुळे मिळाले. आमलेट्यात वेळीच कोणी मैफल थांबवली असती, तर त्यात संगीताचे काहीच नुकसान नव्हते.

मग वेळीच ओळखायचे कसे? 1974 साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी सेवाभावी दवाखान्यांत काम करणाऱ्यांच्या थकव्याला 'बर्नआउट' हा शब्द वापरला. पुढे ख्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याचे वर्णन केले. पण 'हा आजार नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था आहे,' असेही स्पष्ट केले. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असे वाटणे.

कलावंताच्या भाषेत ही लक्षणे ओळखीची आहेत. झोप होते, पण शीण जात नाही. तंबोरा दिसला की बसावेसे वाटण्याऐवजी टाळावेसे वाटते. दुसऱ्याचे चांगले ऐकून आनंद होण्याऐवजी चीड येते. आणि सर्वांत महत्त्वाचे, माणूस स्वतःचीच नक्कल करू लागतो. गेल्या वेळी जिथे टाळी मिळाली तीच जागा, तोच विनोद, तीच रंगसंगती. लोकांना ते कळायला वर्षे लागतात. करणाऱ्याला मात्र पहिल्याच दिवशी कळलेले असते आणि तो ते स्वतःपासून लपवत असतो. आळस आणि ही अवस्था यांत फरक आहे. आळशाला काम नको असते, विश्रांती मिळाली की तो खूश असतो. थकलेल्या कलावंताला काम हवे असते आणि ते जमत नाही, म्हणून त्याला विश्रांतीतही चैन पडत नाही.

सक्तीने लाभलेल्या विश्रांतीचे काय करायचे, याचा सर्वांत बोलका दाखला कुमार गंधर्वांचा. बेळगावजवळच्या सुळेभावीत 8 एप्रिल 1924 रोजी जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा लहानपणीच चमत्कार म्हणून गाजला. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याला त्याच वयात मिळाली. पुढे मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांचे शिक्षण झाले आणि विशी ओलांडण्याआधीच ते देशभर गाऊ लागले. 1947 मध्ये भानुमतीबाईंशी विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले. गाणे बंद करण्याची वेळ आली. 1948 मध्ये कोरड्या हवेसाठी ते माळव्यातल्या देवासला राहायला गेले.

हा आजार होता, कलेचा शीण नव्हे, हे खरे. पण ज्या मुलाने दहाव्या वर्षापासून रंगमंचावरून टाळ्या घेतल्या, त्याला वयाच्या चोविसाव्या वर्षी पहिल्यांदाच कोणी गायला सांगत नव्हते. पाच-सहा वर्षे अंथरुण, खिडकी आणि बाहेरचे आवाज, एवढेच जग होते. भानुमतीबाई शाळेत नोकरी करून घर चालवत आणि शुश्रूषा करत. या काळात कुमारांनी ऐकण्याचे काम केले. दारावरून जाणारे नाथपंथी जोगी, लग्नाकार्यात आणि सणांना गाणाऱ्या माळव्यातल्या बाया, पाखरे, वारा. लोकगीतांच्या धुना त्यांनी जमवल्या आणि त्यांच्यात रागांची बीजे कशी दडलेली आहेत, याचा शोध घेतला. दरम्यान स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध उपलब्ध झाले आणि क्षय आटोक्यात आला. 1953 च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत आले तेव्हा एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेले होते.

आता लांब दमसासाचे गाणे शक्य नव्हते. मग त्यांनी लहान, टोकदार स्वरवाक्यांचे गाणे घडवले. दोन वाक्यांमधल्या शांततेलाही त्यात अर्थ होता. लोकधुनांतून त्यांनी नवे राग बांधले. त्यांना ते धुनउगम राग म्हणत. मधसुरजा, अहिमोहिनी, लगनगंधार, संजारी ही त्यांतली काही नावे. 1965 मध्ये 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ आला. 'माळव्याच्या लोकधुना' आणि 'गीतवर्षा' यांसारखे त्यांचे कार्यक्रम गाजले. जोग्यांकडून कानी पडलेली कबीराची निर्गुणी भजने त्यांनी महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवली. दुसऱ्यांची हुबेहूब नक्कल करण्यासाठी जो मुलगा प्रसिद्ध होता, त्याच्या गाण्याची नक्कल करायला पुढे इतर धडपडू लागले. देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांचे 'भानुकुल' हे घर आहे. 12 जानेवारी 1992 रोजी अखेरचा श्वास घेईपर्यंत त्यांनी देवास सोडले नाही. मुंबई-पुण्याच्या शिखरावर ते गायला येत आणि परत पायथ्याशी जात.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, औषधाची. माळव्याची हवा आणि लोकगीते यांनी क्षय बरा झाला नाही. तो औषधाने आणि सेवेने आटोक्यात आला. तसेच, मनाचा थकवा पुष्कळ दिवस हटत नसेल, झोप-भूक गेली असेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर तो नुसता कलेचा शीण समजून अंगावर काढू नये, डॉक्टरांकडे जावे. दुसरी गोष्ट भानुमतीबाईंची. एकाच्या मौनाचा खर्च दुसऱ्या कोणीतरी उचललेला असतो. कुमारांच्या पुनरागमनाचे कौतुक करताना त्या सहा वर्षांत सकाळी उठून शाळेत जाणाऱ्या बाईंची आठवण ठेवली पाहिजे. 1961 मध्ये, दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी, त्या गेल्या.

पुन्हा एकदा जयपूर घराण्याकडे वळू, कारण त्या घराण्यात दुसऱ्यांदा आवाज हरवला तो तिसऱ्या पिढीत. अल्लादिया खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीला आले असताना मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या तरुण गायिकेचे गाणे त्यांच्या कानावर पडले आणि ते तिला शिकवू लागले. म्हणजे त्यांच्या सक्तीच्या मुक्कामातून त्यांना एक थोर शिष्या मिळाली. या मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर. आईची तालीम कडक होती आणि मुलीचा गळा अलौकिक. पण 1950 च्या दशकात, पंचविशीच्या सुमारास, किशोरीताईंचा आवाज गेला. सुमारे दोन वर्षे त्यांना गाता आले नाही. पुण्याच्या सरदेशमुख महाराजांच्या आयुर्वेदीय उपचारांनी आवाज परत आला, हे ऋण त्यांनी नेहमी मानले.

त्या दोन वर्षांत गळा बंद असला तरी विचार बंद नव्हता. आजवर जे आईने दिले तसे गायलो. पण हा स्वर असाच का, या रागाचे म्हणणे काय, घराण्याची चौकट कुठवर पाळायची? गाणे रोज चालू असते तेव्हा असे प्रश्न विचारायला फुरसत नसते. आवाज आल्यानंतरच्या किशोरीताईंच्या गाण्यात घराण्याची शिस्त आहेच, पण रागाच्या भावाला दिलेले प्राधान्य त्यांचे स्वतःचे आहे. त्याबद्दल जुन्या जाणकारांची बोलणीही त्यांना खावी लागली. पुढे 'स्वरार्थरमणी' या ग्रंथात त्यांनी आपला रागरसाचा विचार मांडला. 2002 मध्ये पद्मविभूषण मिळाले, 2017 मध्ये त्या गेल्या. मैफलीत मन लागले नाही तर त्या ते लपवत नसत. लोक त्याला लहरीपणा म्हणत. ज्या बाईने दोन वर्षे मौन भोगले आहे, तिला मन नसताना गाणे परवडणारे नव्हते, असेही त्याकडे पाहता येईल.

अल्लादिया खाँ, कुमार आणि किशोरीताई, या तिघांच्या बाबतीत एक गोष्ट समान आहे. परत आले ते जुने गाणे नव्हे. थकलेला कलावंत नेहमी म्हणतो, 'मला पूर्वीसारखे कधी जमेल?' आणि बहुधा इथेच त्याची चूक होते. पूर्वीसारखे जमणार नाही, जमायलाही नको. पूर्वीसारखे करत राहिल्यानेच तो थकला होता. बरे झाल्याची खूण म्हणजे जुनी तान पुन्हा निघणे नव्हे. आता उरलेल्या गळ्यात काय शक्य आहे, याचे कुतूहल पुन्हा जागे होणे.

सगळ्यांनाच आवाज जाईपर्यंत वाट पाहावी लागत नाही. काहींनी हंगाम स्वतःच आखून घेतला. केसरबाई केरकरांनी 1960 च्या दशकात, गाणे अजून ताठ उभे असताना, जाहीर मैफली बंद केल्या. चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच, पाच-सहा, चित्रे करत. बाकीचा वेळ पाहण्यात, वाचण्यात, गप्प बसण्यात जाई. हे न-रंगवणेही त्यांच्या लेखी रंगवण्याचाच भाग होते. 1984 मधल्या अपघातानंतर काही वर्षे मोठे कॅनव्हास थांबले, तरी ते पुन्हा चित्रांकडे वळले. 2001 मध्ये ते गेले आणि 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. संख्येने थोडी असलेली ती चित्रे तिथवर पोहोचली.

लेखकांमध्ये गो. नी. दांडेकरांचे उदाहरण आपल्याला परत रायगडाच्या पायथ्याशी आणते. गोनीदांनी 1947 नंतर केवळ लेखणीवर संसार केला. रोज लिहिले तरच चूल पेटणार, अशा माणसाला कोरडे पडण्याची भीती सर्वांत जास्त. पण त्यांचे पाय थांबत नव्हते. ते गडकोटांवर हिंडत आणि रायगडावर तर पुन्हा पुन्हा गेले. तुंगच्या परिसरात 'पवनाकाठचा धोंडी' सापडला, राजमाचीवर 'माचीवरला बुधा', रायगडाच्या रानात 'रानभुली'. टेबलापाशी बसून जे मिळत नाही, ते चालता चालता, माणसांशी बोलता बोलता मिळते. लिहिण्याचे दिवस आणि चालण्याचे दिवस अशी त्यांची जणू पीक आणि पड यांची आळीपाळी होती.

याच महाड तालुक्यात शिवथरची घळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाची रचना या घळीत केली, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. विस्मृतीत गेलेली ही जागा 1930 मध्ये धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी शोधून काढली. पावसाळ्यात घळीच्या तोंडावर धबधबा कोसळत असतो. आत बसले की बाहेरचे दुसरे काही ऐकू येत नाही. देशभर भ्रमण केलेला, मठांची उभारणी करणारा, माणसांत वावरणारा हा पुरुष मोठ्या लेखनासाठी अशा जागी येऊन बसला, याचा अर्थ एवढाच, की लोकसंग्रह करणाऱ्यालाही एकांताची घळ लागते. एकांत हा जगापासून पळ नव्हे, तो जगात परत जाण्याची तयारी असते.

आणि पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवछत्रपतींच्या हयातीत त्यांचे चरित्र संस्कृत काव्यात गुंफणारा हा कवी. त्यांचे 'शिवभारत' तंजावरच्या हस्तलिखितावरून 1927 मध्ये स. म. दिवेकरांनी प्रसिद्ध केले. हाती आलेले काव्य एकतीस अध्याय पूर्ण करते आणि बत्तिसाव्यात मध्येच थांबते. राज्याभिषेक तर त्यात नाहीच. तरीही अफजलखानाच्या प्रसंगापासून कितीतरी घटनांसाठी इतिहासकार या अपुऱ्या ग्रंथाकडे साधन म्हणून पुन्हा पुन्हा जातात. हाती घेतलेले काम तडीस गेले नाही, म्हणून सगळेच वाया गेले, असे मानून खचणाऱ्या प्रत्येक लेखकाने ही समाधी पाहावी.

या सगळ्यातून करण्याजोगे काय निघते? पहिले म्हणजे स्वतःची नक्कल सुरू झाली की ती ओळखावी, टाळ्या थांबण्याची वाट पाहू नये. दुसरे, थांबायचे तर कलेपासून फार दूर जाऊ नये. गडाच्या पायथ्याशी राहावे. गाणाऱ्याने ऐकावे, लिहिणाऱ्याने चालावे, चित्रकाराने पाहावे, जमल्यास एखाद्या लहान मुलाला सा लावायला शिकवावे. तिसरे, परतताना जुन्या उंचीचा हट्ट धरू नये. आणि चौथे, वर्षाचा एखादा तुकडा पड टाकायला शिकावे, आवाज बसण्यापूर्वीच.

पण हे सारे कलावंतालाच सांगून भागणार नाही. आज लहान मुले दूरचित्रवाणीच्या स्पर्धांतून गातात, पालक त्यांना एका मंचावरून दुसऱ्या मंचावर नेतात, आयोजक वर्षभराच्या तारखा आधीच ठरवतात आणि आपण प्रेक्षक 'वन्स मोअर'चा गजर करतो. आमलेट्याचा तो अधिपती दुष्ट नव्हता. त्याला गाण्याचा द्वेष असता, तर खाँसाहेबांचा गळा वाचला असता. त्याला गाणे अतिशय प्रिय होते, म्हणूनच त्याने ते संपेपर्यंत ऐकले. आज त्या दरबारात आपण सारे बसलो आहोत. समोरचा कलावंत कधी 'आज नाही' म्हणाला, तर त्याला उठून जाऊ द्यावे आणि तो परत येईल तेव्हा त्याचा बदललेला आवाज ऐकायला जागेवर असावे.